पास, यादी आणि पावणेसहाची गाडी

एसटीच्या पासचं काम कॉलेजात कुणाला नको असतं. अभ्यासक्रमात ते बसत नाही, कार्यभारात धरलं जात नाही आणि येतं ते नेमकं जूनच्या प्रवेशाच्या गर्दीत. मी ते मागून घेतलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं एसटीनं येतात. तासगाव रस्त्याच्या माधवनगर, बुधगाव, कवलापूरकडची मुलं सांगली स्टँडवर उतरतात आणि तिथून शहरी गाडीनं विश्रामबागकडं येतात. मालगाव, बेडग, आरग, म्हैसाळकडची मिरजेत उतरून उलट्या दिशेनं येतात. म्हणजे बहुतेकांचा प्रवास दोन गाड्यांचा.

हे काम मागून घ्यायला कारण प्रयोगशाळेतलं होतं. दुपारच्या प्रात्यक्षिकाच्या बॅचला टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून मोजायचा प्रयोग) असलं की तीन रीडिंग घ्यायची असतात आणि ती जुळायला हवीत. पाच वाजायला आले की मागच्या टेबलावरच्या मुली दुसऱ्या रीडिंगनंतरच ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, धुवायला लागायच्या. वहीत तिसरं रीडिंग मात्र लिहिलेलं असायचं, शेजारणीचं. मी रागावले तर त्यातली एक म्हणाली, "मॅडम, पावणेसहाची गाडी चुकली की पुढची साडेसातला हाय. उतरल्यावर मळ्यापर्यंत अंधारातनं चालायचं." यावर काय बोलणार? मुलगी हुशार, प्रयोगाचा हात चांगला आणि तिचं रसायनशास्त्र गाडीच्या वेळेत अडकलेलं. तेव्हा ठरवलं, पास असो नाहीतर गाडीची वेळ असो, हे सगळं एकदा मुळापासून करून बघायचं. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. इतर शाळा-कॉलेजांतल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी पासचं. एसटीत विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे. म्हणजे महिन्याच्या प्रवासाचे नऊशे रुपये होत असतील तर मुलाला तीनशे भरावे लागतात. बारावीपर्यंतच्या मुलींसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची योजना आहे, त्यातून पास मोफत मिळतो. ही योजना शेतमजुराच्या घरात काय करते ते मी जवळून पाहिलंय. दहावीनंतर मुलीला पुढं शिकवायचं की नाही याचा हिशेब घरात मांडला जातो तेव्हा त्यात फी असते, पुस्तकं असतात, पण रोज खिशातून जाणारा पैसा तिकिटाचा. तो एक आकडा शून्य झाला की मुलीच्या बाजूनं बोलणाऱ्या आईला जोर येतो.

पूर्वी पास काढायचा म्हणजे मुलांनी अर्ज आणायचा, कॉलेजच्या ऑफिसातून त्यावर सही आणि गोल शिक्का घ्यायचा, मग स्टँडवरच्या पासच्या खिडकीला रांगेत उभं राहायचं. जून-जुलैत ती रांग किती लांब असते ते स्टँडवर गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अर्धा दिवस त्यात जायचा आणि तो अर्धा दिवस तासांतूनच कापला जायचा. 2025 मध्ये शाळा 16 जूनला सुरू झाल्या त्याच वेळी एसटीनं ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ ही मोहीम राज्यभर राबवली. शाळा-कॉलेजनं पास लागणाऱ्या मुलांची यादी आगाराला द्यायची आणि आगाराचे कर्मचारी शाळेत येऊन पास देणार. माझ्या मते गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांसाठी झालेल्या सोयींत ही फार मोलाची आहे. फक्त त्यात एक गोष्ट कॉलेजनं करायची असते, ती म्हणजे यादी. सगळं त्या यादीवर अवलंबून.

यादी म्हणजे नाव, वर्ग आणि गाव, असं मलाही पहिल्यांदा वाटलं. आगारात विचारायला गेले तेव्हा पासच्या खिडकीमागच्या बाईंनी मला नीट बसवून समजावलं. पास गावाचा नसतो, थांब्याचा असतो. मुलं ‘कोठून’च्या रकान्यात गाव लिहितात. पण मूल राहतं गावाबाहेरच्या मळ्यात, चढतं फाट्यावर. गावातला थांबा आणि फाटा यांच्या भाड्यात फरक पडू शकतो आणि पासवर जो थांबा असेल तोच कंडक्टर बघणार. ‘कुठपर्यंत’च्या रकान्यात सगळे ‘सांगली’ लिहितात. बाईंनी विचारलं, "सांगली म्हंजे स्टँड का? मग पुढं कॉलेजपर्यंत कसं जाणार, शहरीनं का चालत?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. स्टँड ते विश्रामबाग चारेक किलोमीटर आहे, पोरं काही चालत येणार नाहीत. तो पुढचा प्रवासही यादीत वेगळा दाखवावा लागतो.

मग मी यादीचे रकाने बदलले. मूल राहतं ते ठिकाण, चढायचा थांबा, उतरायचा थांबा, पुढची गाडी, पुढच्या गाडीतून उतरायचा थांबा. आमच्या बाजूला शहरी गाडीचे थांबे मुलांना तोंडपाठ असतात: पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी, कृपामाई, मिशन हॉस्पिटल. पण गावाकडच्या थांब्यांना प्रत्येकाचं आपलं नाव. कुणी म्हणतं पाण्याची टाकी, कुणी म्हणतं दूध डेअरी, कुणी म्हणतं मारुतीचं देऊळ आणि थांबा एकच. यावर उपाय एका मुलानंच काढला. तो म्हणाला, "मॅडम, जुनं तिकीट बघा की. त्याच्यावर थांब्याचं नाव असतंय." खरंच होतं. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटावर कुठून कुठं ते छापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की येताना तिकीट फेकू नका, मला आणून द्या. टेबलावर पांढऱ्या चिठोऱ्यांचा ढीग जमला. घामानं पुसट झालेली, घडी पडलेली, एक तर गणिताच्या वहीत खूण म्हणून ठेवलेलं. त्यावरून यादीतले थांबे पक्के केले. ज्याला कुणाला हे काम करायचं असेल त्यानं तिकिटांपासूनच सुरुवात करावी, निम्मी डोकेदुखी वाचेल.

मधे कॉलेजच्या ऑफिसात यादी सहीसाठी आठवडाभर पडून राहिली. मी रोज जाऊन विचारलं, तेव्हा ती पुढं सरकली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

कर्मचारी कॉलेजात आले तो दिवस मात्र लक्षात राहण्यासारखा. ग्रंथालयातली दोन टेबलं जोडून दिली. एका टेबलावर मोफत पास, दुसऱ्यावर पैसे भरायचे. मुलांना वर्गावर्गानं बोलावलं, म्हणजे तास बुडाले नाहीत. ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, फोटो हे आधीच अर्जाला लावून घेतलं होतं. आलेल्यांपैकी एक जण कंडक्टर होते. आमच्याच रस्त्यावर बरीच वर्षं काढलेले, पोरं त्यांना मामा म्हणतात. प्रत्येक मुलाचं तोंड बघून ते थांबा सांगायचे. यादी वाचायची गरजच नव्हती. एका मुलीचा अर्ज हातात घेऊन म्हणाले, "तू खालच्या फाट्याला चढतीस, इथं वरचा लिवलाय. बदल." तिनं बदलला. हा माणूस रोज शेकडो माणसांची तिकिटं फाडतो आणि कुठलं पोर कुठं चढतं हे त्याला माहीत आहे. मला फार बरं वाटलं ते बघून.

पैसे भरायच्या टेबलावर दोन-तीन मुलं मागं मागं राहत होती. रक्कम मोठी नसली तरी महिन्याच्या मध्यावर एकदम द्यायची म्हटल्यावर घरात नसते. मजुरी शनिवारी मिळते, पास बुधवारी. आमच्या शिपाईमामांनी हे आधी ओळखलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. शिक्षकांनी मिळून एक छोटा निधी केला. त्यातून भरायचं आणि मुलानं महिनाअखेर परत आणून द्यायचं. एकानंही बुडवलं नाही. पासची तारीख ठरवताना कॉलेजनं पगाराच्या-मजुरीच्या दिवसांचा विचार करावा, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

खरी अडचण अकरावीची. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं झाले. त्याआधी ही पद्धत काही मोठ्या शहरांपुरती होती, आमच्या भागात मुलं थेट कॉलेजात येऊन प्रवेश घ्यायची. त्या वर्षी फेऱ्या लागत गेल्या, प्रवेश लांबले आणि मुलं वर्गात बसली ती ऑगस्टात. पासची मोहीम जूनमधली. बारावीच्या मुलांच्या हातात पास, अकरावीची मुलं तिकीट काढून. नव्या कॉलेजचं ओळखपत्र नाही, बोनाफाईड नाही, मग पास कशावर देणार? सवलतीचा नियम तोच आणि मुलंही त्याच गावची. फक्त प्रवेशाची तारीख आणि पासची तारीख यांची गाठ पडली नाही. मालगावकडची एक मुलगी त्या पहिल्या दिवसांत एक दिवसाआड यायची. विचारल्यावर खाली बघत म्हणाली, तब्येत बरी नव्हती. तिच्या मैत्रिणीकडून कळलं की तिकिटाचे पैसे जमतील त्या दिवशी येते.

मी प्राचार्यांकडं गेले. ओळखपत्रं छापून यायला वेळ होता, पण प्रवेश निश्चित झाल्याच्या पावतीवर बोनाफाईड देता येतं. ते त्याच आठवड्यात वर्गावर वाटलं. दुसरी यादी केली, आगाराला पत्र दिलं की जूनमध्ये आलात तसे अकरावीसाठी पुन्हा एकदा या. ते आले. मला वाटतं, जोवर अकरावी ऑगस्टात सुरू होते आहे तोवर पासचीही दुसरी फेरी ऑगस्टात ठरवूनच ठेवायला हवी. दर कॉलेजनं वेगळं पत्र लिहायची गरज पडू नये. आणि पत्र न लिहिणाऱ्या कॉलेजातल्या मुलीचं काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता गाडीच्या वेळेचं. पास हातात आला म्हणजे गाडी मिळाली असं होत नाही. आमची प्रात्यक्षिकं साडेपाचला सुटणार, मूल थांब्यावर येणार, शहरी गाडी धरून स्टँडवर पोचणार आणि गावाची गाडी पावणेसहाला सुटलेली असणार. सांगली-मिरज रस्त्यावर शहरी गाड्या एकामागं एक असतात, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्या एका गावाच्या गाडीचा होता.

एसटीनं 2024 च्या जुलैत ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक आगारात येऊन बसतात आणि प्रवाशांच्या अडचणी लेखी घेतात. शाळा-कॉलेजांनाही आपलं म्हणणं तिथं मांडता येतं. आपल्या आगाराची तारीख कधी आहे ते आधी विचारून घ्यावं लागतं. मी ती विचारली आणि अर्ज लिहायला बसले. पहिला मसुदा भावनेनं भरलेला झाला: मुलींची सुरक्षितता, ग्रामीण भागातील शिक्षण वगैरे. सगळं खरंच, पण आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, "त्यांना निर्णय घ्यायला काय लागेल ते लिहा." मग एका पानात बसवलं. कुठल्या थांब्यावर किती मुलं उतरतात, त्यात मुली किती, आठवड्यातल्या कोणत्या वारी प्रात्यक्षिकं असतात, किती वाजता सुटतात, स्टँडवर किती वाजता पोचतात, गाडी किती वाजता हवी. खाली प्राचार्यांची सही, सोबत वेळापत्रकाची प्रत. पासच्या यादीमुळं हे आकडे तयारच होते.

आगारात माझं शांतपणे ऐकून घेतलं. वाहतूक नियंत्रकांनी त्या गाडीचं शेड्युल काढून माझ्यासमोर ठेवलं. मी पहिल्यांदाच तसला कागद बघत होते. आपल्याला दिसते ती एक पावणेसहाची गाडी. त्या कागदावर ती सकाळी निघते, दिवसभर फेऱ्या मारते, पावणेसहाला गावाला जाते, परत येते, मग दुसऱ्या गावाला मुक्कामी जाते. ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी त्या फेऱ्यांना बांधलेली. "एक फेरी हलवली की मागच्या सगळ्या हलत्यात, मॅडम," ते म्हणाले. "तुमची पोरं घरी जात्याल, पण मुक्कामाच्या गाडीला पलीकडच्या गावात माणसं रात्री थांबून राहत्यात, त्यांचं?" त्या दुसऱ्या गावातल्या लोकांचा मी विचार केला नव्हता. बाजार करून परतणाऱ्या बायका, दवाखान्यात आलेली म्हातारी माणसं, त्यांचीही ती शेवटचीच गाडी.

मग त्यांनीच विचारलं, तुमचं किती मिनिटं इकडं येतंय? मी अर्ध्या तासाची मागणी घेऊन गेले होते. शेड्युलमध्ये त्यांना जास्तीत जास्त पंधरा मिनिटं देता येत होती, तीही परतीच्या फेरीनंतर स्टँडवर गाडी थांबते त्या वेळेतून. उरलेली पंधरा मिनिटं कॉलेजनं काढायची.

कॉलेजात परत येऊन ते पटवणं आगारापेक्षा अवघड गेलं, हेही खरं आहे. वेळापत्रक बदलायचं म्हणजे सगळ्या विभागांच्या प्रयोगशाळा, सगळ्या बॅचेस. शेवटी दुपारची सुट्टी दहा मिनिटांनी कमी केली, प्रात्यक्षिकाआधीचा तास पाच मिनिटांनी कमी केला. प्रात्यक्षिक सव्वापाचला सुटायला लागलं. गाडी सहाला सुटायला लागली. ही सगळी खटपट पंधरा अधिक पंधरा मिनिटांसाठी.

काही सहकारी म्हणाले, एवढं कशाला, आता प्रत्येकाच्या घरी गाडी आहे, पोरं स्कूटरवर येतील. येतातच. अकरावीचं मूल सोळा वर्षांचं असतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. पोरं चालवतात ती गाडी त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 ची दुरुस्ती झाल्यापासून कलम 199अ खाली अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पालक सभेत मी हे वाचून दाखवलं. एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, गाडी वेळेवर असली तर पोरगं स्कूटर मागतच न्हाई." मला त्यांचं पटलं. कायदा सांगून झाल्यावर पर्याय हातात द्यावा लागतो आणि सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळी साडेपाचला जी रहदारी असते त्यात सोळा वर्षांच्या मुलानं तीन जणांना बसवून जाण्यापेक्षा एसटीत उभं राहून जाणं शंभर पटींनी बरं.

गर्दी आहेच. सकाळी सगळ्या शाळा-कॉलेजांची वेळ एक, नोकरदारांची तीच, त्यामुळं एका वेळी सगळे थांब्यावर. ती फोडायला कॉलेजांनीच आपल्या वेळा एकमेकांना विचारून थोड्या मागंपुढं करायला हव्यात असं मी सुचवलंय. रस्त्यावरच्या दोन कॉलेजांतल्या शिक्षकांशी बोलणंही झालंय. ते काम लांबचं आहे.

जवळची कामं वेगळीच. पास महिन्याचा असतो, त्यामुळं तो संपायच्या आधी मुलांना आठवण करावी लागते, नाहीतर शेवटच्या दिवशी सगळी पोरं खिडकीवर. वर्ग प्रतिनिधीकडं पास संपायच्या तारखांची वही दिली आहे. पास हरवला तर काय करायचं हे फळ्यावर लिहून ठेवलंय, आधी कॉलेजात सांगा, मग आगारात अर्ज. शनिवारी कॉलेज लवकर सुटतं तेव्हा दुपारची गाडी कुठली ते सूचना फलकावर लावलंय. आणि बारावीच्या बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षांत दोन बॅचेस असतात, दुसरी उशिरा सुटते. त्या तारखा कळल्या की लगेच आगाराला कळवायच्या, असं वाहतूक नियंत्रकांनी मला सांगून ठेवलंय. "आदल्या दिवशी नका सांगू, आठ दिवस आधी सांगा, मग बघता येतं."

टायट्रेशनची तिन्ही रीडिंग आता ज्याची त्यानं घेतलेली असतात. ती कधी जुळतात, कधी नाही. नाही जुळली तर चौथं घ्यायला सांगते, तेवढा वेळ आता असतो.